तोंड हंसाचं, गळा आईचा

नागोया,
१४ एप्रिल १९९१

चि. नलूस अनेक आशीर्वाद.

आम्ही कंपनीतले चौघे सुखरूप पोचलो. होस्टेल स्वच्छ आहे. भात मिळतो, मासळी तर ही माणसं आपल्यापेक्षा जास्त खातात, पण तिखट कशालाच नाही. मावशीनं बांधून दिलेला सुका जवळा मी कपाटात लपवलाय. वर्षभराचं ट्रेनिंग आहे, तोवर पुरवायचाय.

सोबत एक व्हिडिओ कॅसेट पाठवतो. तुझ्या स्टुडिओतल्या धंद्याची गोष्ट आहे म्हणून तुलाच. माझ्या शेजारच्या मशीनवर ओकाबे नावाचा माणूस आहे. माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा, दिवसभर तोंडातून शब्द नाही. गेल्या रविवारी त्यानं खोलीवर नेलं. बसायला जागा नाही, भिंतीला टेकून नुसत्या कॅसेटी. इथे टीव्हीवर कार्टूनच्या मालिका लागतात आणि मोठी माणसंही त्या बघतात. ओकाबे त्या उतरवून घेतो. मग दोन व्हीसीआर जोडून त्यातले हवे तेवढे तुकडे एकामागे एक लावतो आणि वर भलतंच गाणं चढवतो. हे विकायला नाही हं. असे वेडे गावोगाव आहेत, ते एकमेकांना पोस्टानं कॅसेटी पाठवतात आणि चार चार पानं चर्चा करतात.

या कॅसेटवरची दुसरी जोडणी बघ. एक लोखंडी राक्षस शहर पाडत निघालाय आणि वर कोणी म्हातारी अंगाईसारखं गातेय. त्याचं प्रत्येक पाऊल तिच्या ठेक्यावर पडतं. आधी मी हसलो. पण शेवटी तो जाऊन समुद्रात बसतो ना, तेव्हा मी ओकाबेला परत लावायला सांगितलं. गाण्यातला एक शब्द कळला नव्हता. मावशीची आठवण आली.

मावशीला नमस्कार.

तुझा,
एकनाथदादा

---

बोईसर,
१२ मे १९९१

ती. एकनाथदादास सा. न.

कॅसेट पोचली. स्टुडिओतल्या मशीनवर लावली तर नुसत्या पट्ट्या वर सरकत होत्या, ना रंग ना चेहरा. मालक म्हणाले, जपानची कॅसेट वेगळ्या पद्धतीची असते, आपल्या मशीनला कळत नाही. मग त्यांनी दुबईहून आणलेला, सगळ्या पद्धतींचा व्हीसीआर कपाटातून काढला, तेव्हा दिसली.

राक्षसाची मी सहा वेळा पाहिली. मीही इथे तेच करते की. लग्नाचे तुकडे जोडायचे, वर सिनेमातलं गाणं. पण आमचं नुसतं सजवणं. नवरी हसली की हसरं गाणं, सासरी निघाली की रडकं. तुझा ओकाबे गाण्याला परका चेहरा देतो आणि तो चेहरा गाण्याचाच वाटायला लागतो. हे कसं करतो ते विचार. शेवटी एका कागदावर हातानं लिहिलेल्या दोन ओळी येतात. त्या काय?

आता इथलं. धर्माजीशेठनं सुनेच्या नावानं लग्नाच्या, हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढलीय. हो, तोच, कंपन्यांना माणसं पुरवणारा, ज्याच्या चिठ्ठीवर आपलं निम्मं दातिवरं गाव कामाला लागलं. ‘सौ. हंसाचे धवले’. वर हंसाचा नथीतला फोटो. आत आईचा आवाज, तुझ्या मावशीचा.

मला वाटलं भास असेल. पण पहिल्या धवल्यात हळद लावायच्या ओळीनंतर आई खोकते बघ. तो खोकलाही तसाच आहे, कापलासुद्धा नाही. ही तू तुझ्या टेपरेकॉर्डरवर घरी भरलेली टेप, आईच्या पेटीत होती ती. पेटी उघडून बघितली. नाही.

डिसेंबरच्या लोककला महोत्सवात हंसा स्टेजवर गायली त्याचं शूटिंग आमच्याच स्टुडिओत आहे. तेव्हा मी तापानं घरी होते. आता लावून पाहिलं. ओठ हलतात, गळा हलत नाही.

गेल्या आठवड्यात आई एडवणला एका लग्नात धवले म्हणायला गेली. चाळीस वर्षं त्या गावात तिच्याशिवाय हळद लागली नाही. नवरीच्या काकीनं मांडवातच सांगितलं, “साखरबाय, हंसाची गाणी तुमी कशाला म्हनता? कॅसेट आनलीय आमी.” आई उठली आणि चालत घरी आली. तेव्हापासून घरात गुणगुणतसुद्धा नाही.

मी हे सोडणार नाही, दादा.

तुझी,
नलू

---

नागोया,
८ जून १९९१

चि. नलूस अ. आ.

तुझे प्रश्न ओकाबेला विचारले. माझं जपानी आणि त्याचं इंग्रजी दोन्ही लंगडं, त्यामुळे अर्धं हातवाऱ्यांनी. तो म्हणतो, गाणं आधी पाठ करायचं. शब्द नाही, श्वास. गाणारा कुठे श्वास घेतो तिथे चित्र बदलायचं, म्हणजे सांधा दिसत नाही. दुसरं, पॉज सोडला की मशीन लगेच उतरवायला घेत नाही, थोडं मागे जातं. किती मागे ते प्रत्येक मशीनचं वेगळं. तो बोटांनी मांडीवर मोजतो आणि त्या हिशेबानं बटण आधी दाबतो. एक तीन मिनिटांची कॅसेट करायला त्याला दोन महिने लागले.

शेवटच्या ओळी म्हणजे गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव. ओकाबे म्हणाला, चित्र माझं नाही, गाणं माझं नाही, नाव तरी लिहायला हवं.

दुसरी कॅसेट पाठवतोय, ही हसण्याची आहे. यात एक दुष्ट राजा सैन्यापुढे भाषण करतो आणि त्याच्या तोंडून रताळी विकणाऱ्या गाडीवाल्याची आरोळी निघते. हात तोच, डोळे तेच, फक्त आवाज बदलला, आणि राजाची रयाच गेली.

धर्माजीशेठचं वाचलं. वाईट वाटलं. पण नलू, तो मोठा माणूस. कोणाच्या तरी हातून टेप फिरत गेली असेल. मावशीला म्हणावं, मन मोठं कर. तू तुझ्या कामात लक्ष घाल.

तुझा,
एकनाथदादा

---

बोईसर,
२५ ऑगस्ट १९९१

ती. एकनाथदादास सा. न.

रताळ्याच्या राजाची कॅसेट लावली तेव्हा मालक पोट धरून हसले. मी हसले नाही. मी बघत राहिले की राजाची रया जायला किती वेळ लागतो. चार सेकंद.

तू लिहितोस मन मोठं कर. आई मन मोठं करूनच बसलीय. दिवसभर बोंबील निवडते आणि बोलत नाही. परवा शेजारची ठकीमावशी तिला म्हणाली, “एक तरी म्हण गो, अंगन मुकं झालं.” आई म्हणाली, “माझं काय हाय त्यात? ती तं हंसाची गानी.” हे ती रागानं म्हणाली असती तर मला चाललं असतं. तिला ते खरंच वाटायला लागलंय.

ऐक. २९ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, धर्माजीशेठच्या साठीचा सत्कार आहे बोईसरला. पुढल्या जिल्हा परिषदेला तिकीट मिळावं म्हणून ही सगळी तयारी. हॉलमध्ये चार टीव्ही लावायचे आणि त्याच्या आयुष्यावरची कॅसेट दाखवायची. ऑर्डर आमच्या स्टुडिओला, जोडायचं काम मला.

त्यांनी महोत्सवाचं शूटिंग त्यात घालायला सांगितलंय, हंसाचं गाणं आणि शेठचं भाषण. आणि माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीची दातिवऱ्याच्या एका लग्नाची कॅसेट आहे, ज्यात आई तोच धवला म्हणते. तिचा चेहरा पडदाभर आहे. दोन ओळी हंसाच्या तोंडात, पुढच्या दोन ओळी आई. आई नेहमी त्याच सुरात, त्याच वेगात म्हणते, त्यामुळे कानाला सांधा कळतच नाही. फक्त डोळ्यांना कळतं. ओकाबे म्हणाला तसं श्वासावर कापलं.

महिनाभर करतेय, मालक जेवायला घरी गेले की. मशीन किती मागे जातं ते आता मलाही बोटांवर येतं. ओकाबेला सांग, त्याचं नाव मी कुठे लिहिणार नाही, पण शिकले त्याच्याकडून.

नलू

---

नागोया,
१२ सप्टेंबर १९९१

नलू,

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. हे करू नकोस. तुझी नोकरी जाईल. स्टुडिओवाल्यांचा धंदा बसेल. मावशीला बाजारात बसायचं असतं, तिथे कोणी काही बोललं तर? हंसानं तुझं काय केलंय? वाणगावची गरीब पोर, सासरा सांगेल ते करते.

मी मार्चमध्ये येतोच आहे. आल्यावर धर्माजीशेठला स्वतः भेटतो. मावशीचं नाव कॅसेटवर घालायला लावतो, माझा शब्द. एप्रिलमध्ये माझं आणि जमनाचं लग्न, त्यात मावशी गाईल, सगळं गाव ऐकेल. तोवर थांब. माझ्यासाठी थांब.

तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरलोय. एवढं ऐक.

तुझा,
दादा

---

बोईसर,
६ ऑक्टोबर १९९१

एकनाथदादा,

तुझं पत्र २७ तारखेला आलं होतं. मी ते फोडलं नाही. आत काय असेल ते ठाऊक होतं.

तर काय झालं ते लिहिते. हॉल भरला होता. कंपन्यांचे साहेब, पुढारी, आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं. मी मशीनजवळ उभी होते. आधी पाच मिनिटं त्यांनी सांगितलं होतं तेच. शेठ होडीत, शेठ कारखान्याच्या गेटवर, शेठ शाळेत वह्या वाटताना. मग हंसा आली. दोन ओळी. मग आई.

आधी कोणाला कळलं नाही. परत हंसा, परत आई. हंसाचे ओठ सुराच्या मागे पडत होते आणि आईच्या कपाळावरची शीर सुराबरोबर फुगत होती. तिसऱ्या वेळी बायकांच्या रांगेतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अगो, ही तं साखरबाय!” मग सगळीकडून तेच.

तेवढ्यात शेठचं भाषण सुरू झालं. शेठनं पडद्यावर हात वर केला, छाती पुढे काढली, तोंड उघडलं आणि आतून आईचा धवला आला. हळदीची ओळ. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि आईचा खोकला. दादा, पुढाऱ्यांनीसुद्धा तोंडाला रुमाल लावले. मागची माणसं तर बाकांवर उभी राहून हसत होती. खरा धर्माजी स्टेजवर हारात बसला होता. त्याचं तोंड उघडं होतं, आणि कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालं, “आता काय गातोय बघा!” हसू दुप्पट झालं.

वायर ओढेपर्यंत शेवटचा कागद येऊन गेला होता. “गळा : साखरबाई, दातिवरे.” माझं अक्षर.

हंसा रडत बाहेर गेली. मला वाईट वाटलं. थोडंसं. धर्माजीचं उतरलेलं तोंड बघून जे वाटलं त्यापुढे काहीच नाही. त्याला तिकीट मिळणार नाही असं आताच बोलतात. बाजारात तो दिसला की पोरंटोरं खोकतात.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. ओरडला नाही. मालकांनी माझ्याकडून चाव्या काढून घेतल्याच होत्या, मी पिशवी भरत होते. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “मला चोर म्हनालीस तू, हजार मानसांत. टेप माझे घरी चालत आली नाय, पोरी. कोनी आनून दिली, इचार. आनि तुझ्या भावाला जपानला धाडायला साहेबाकडं कोन गेलता, ते पन इचार.”

तो गेल्यावर मी तुझं पत्र फोडलं.

विचारते. टेप तू दिलीस का? हो किंवा नाही.

नलू

---

नागोया,
२७ ऑक्टोबर १९९१

नलू,

हो.

तीन दिवस हा एक शब्द लिहून बसलो होतो. गेल्या वर्षी गणपतीत मी ती पेटीतून काढली. कंपनीतून चौघे जाणार होते आणि नावं पाच होती. धर्माजीशेठ म्हणाले, तुझ्या मावशीची टेप दे, चांगल्या ठिकाणी ऐकवतो, तिचं नाव होईल. मला ते खरं वाटलं. तिचं नाव काढून टाकतील हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तिकीट हातात होतं. बोलायची हिंमत झाली नाही.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मावशीनं मला तुझ्याआधी जेवू घातलंय. तिच्या वाईटावर मी कसा असेन? मावशीला यातलं काही सांगू नकोस. मी आल्यावर पाय धरून सांगेन.

ओकाबे त्याचा जुना व्हीसीआर देतोय, सगळ्या पद्धतींचा आहे. तो मी तुझ्यासाठी आणतो. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली, मी भरून काढीन.

दोन ओळी तरी लिही.

दादा

---

पालघर,
१८ जानेवारी १९९२

एकनाथ,

तुझी मधली तीन पत्रं मिळाली. उत्तर लिहिलं नाही, कारण ऑक्टोबरच्या पत्रावर मी विश्वास ठेवला होता. म्हटलं, फसला. भित्रा आहे, पण फसला. आईला सांगितलं नाही. तू येशील, पाय धरशील, असं मीही मनात धरलं होतं.

मी आता पालघरला एका स्टुडिओत आहे. मालकानं ती कॅसेट बघितली होती, म्हणून स्वतः बोलावून घेतलं. आई परत गाते. दिवाळीनंतर केळव्याहून, माहीमहून बोलावणी आली. एडवणच्या त्या काकी घरी येऊन आईच्या पाया पडल्या. आईनं त्यांना चहा दिला आणि त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला नाही म्हणून सांगितलं. एवढंच. माझी आई आहे ती.

गेल्या रविवारी हंसा दातिवऱ्याला आली. सत्काराच्या दिवसापासून ती वाणगावला माहेरी आहे, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. ओट्यावर उभी राहिली, आत येईना. आई म्हणाली, “ये गो, बस.” ती बसली आणि पिशवीतून एक वही काढून आईच्या पुढ्यात ठेवली.

“मावशी, ही तुमची गानी. मला शिकवाया लिहून दिलेली. मला आता नको.”

आईला वाचता येत नाही. वही मी उघडली. अक्षर तुझं.

पहिल्या पानावर तुझ्या सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारून, “गायिका : सौ. हंसा”. तारीख ३ ऑक्टोबर १९९०. मग सगळे धवले, ओळीनं. आणि कडेला पेन्सिलनं सूचना. “इथे मावशी श्वास घेते, तू पण घे.” “इथे सूर लांबतो, तोंड उघडं ठेव.” आणि हळदीच्या ओळीपाशी, “इथे मावशी खोकते, पदर तोंडाला लाव.”

माहीत नव्हतं म्हणालास. देवाशपथ.

मी हंसाला विचारलं, “शिकवायला कोण यायचं?” ती म्हणाली, “एकनाथभाऊ. अकरा दिवस आले. मामंजी टेप लावायचे आनि ते हात करून सांगायचे, आता उघड, आता मिट.” मग म्हणाली, “ताई, मी त्यांना म्हनलं होतं, ज्या बाईचा आवाज हाय तिला तरी इचारा. ते म्हनाले, तिला काय कळतंय.”

हे आईच्या समोर म्हणाली ती. मला थांबवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवायचंही नव्हतं. मग मी तुझं ऑक्टोबरचं पत्र आणलं आणि वही मांडीवर घेऊन दोन्ही आईला वाचून दाखवलं. आधी पत्रातली ओळ, मग वहीतली. परत पत्रातली, परत वहीतली. ठकीमावशी होती, शेजारच्या दोघी होत्या. जमना आणि तिची आईही होती, मी ठकीमावशीला पाठवून बोलावलं होतं. कळेल तुला, मी हे कुठे शिकले ते.

जमना मधेच उठून गेली. लग्न मोडलं म्हणू नकोस. तिच्या बापानं शब्द दिलाय, कपडे घेतलेत, ते होईल. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशीला फसवलं, तर मी कोन?” आता ती तुझ्याबरोबर संसार करेल आणि तू काही सांगितलंस की तिला ही वही आठवेल.

आई रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. हंसाला मात्र विचारलं, “तुला गानी आवडतात काय, का नुसतं तोंड हलवायचीस?” हंसा म्हणाली, आवडतात. आई म्हणाली, “मग मंगलवारी ये. गळ्यातून कसं काढायचं ते सांगते.” हंसा मंगळवारी आली. काल परत आली. आवाज जाडाभरडा आहे, पण आहे.

मग तुझं. मी विचारलं, “एकनाथच्या लग्नाचं काय? तू गाशील?”

आईनं बराच वेळ निवडलेले बोंबील परत निवडले. शेवटी म्हणाली, “तिला काय कळतंय, असं म्हनला ना? कळतं, त्याला सांग. त्याचे लग्नात धवले लागतील ना, तं कॅसेट हाय त्याचेकडं. तीच लावा. हंसाची.”

मी म्हटलं, “आई, तू त्याला वाढवलंस.”

“म्हनूनच,” ती म्हणाली.

ओकाबेचा व्हीसीआर आणू नकोस. त्याचा तो त्याच्याकडे राहू दे. त्याला जमेल तसं सांग की त्याच्या दोन कॅसेटी मी जपून ठेवल्यात, आणि नाव लिहिण्याबद्दल त्यानं जे सांगितलं ते इथे एका खेड्यातल्या मुलीला पटलं. तो तुझ्यासमोर बसून हे सांगत होता तेव्हा तुझं तोंड कसं झालं असेल, ते मात्र मला बघायला आवडलं असतं.

ठरल्याप्रमाणे ये. मांडव आपल्याच अंगणात पडेल. तुला या घराशिवाय घर नाही आणि गाव काही म्हणायला नको. आलेल्यांना जेवायला घालू. शूटिंग मी करणार आहे. हळद लागताना कॅसेट वाजेल, खोकल्यासकट, आणि सगळं गाव तुझ्याकडे बघेल. आई पहिल्या रांगेत बसेल, नवं लुगडं नेसून, तोंड मिटून. कॅमेरा मी तिच्यावरच ठेवीन.

नलिनी